मिशीतली धूळ

थंडीत त्याच्या घरी गेलं की आधी स्वेटर काढावा लागायचा. तोही ओट्यावरच. तिथं भिंतीत खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. पाहुण्यांचे स्वेटर, मफलर, शाली खुंटीवर आणि पाहुणे आत कुडकुडत चहा पितायत, हे दृश्य अख्ख्या पांढुर्ण्यात त्या एकाच घरी दिसायचं. लोकरीचे तंतू उडतात, असं त्याचं म्हणणं. एकदा आमच्या कचेरीचे मोठे साहेब त्याच्याकडे गेले, तर यानं त्यांचाही कोट उतरवून खुंटीला लावला. साहेबांनी मुकाट्यानं काढून दिला. त्याच साहेबांकडे अर्ध्या दिवसाची सुटी मागायची म्हटलं तर माझी जीभ टाळूला चिकटायची.

समोर मी त्याला भाऊ म्हणायचो, अहो-जाहो करायचो. वयानं मोठाच होता. मनात मात्र तो पहिल्या दिवसापासून अरे-तुरेच राहिला. आता तो लेकीकडे इंदूरला राहायला गेला आहे, खूप वरच्या मजल्यावर. तिथं खिडकी उघडली तरी धूळ येत नाही म्हणे. नशीब बघा माणसाचं. तेव्हा लिहितानाही मी त्याला अरे-तुरेच करणार.

पाटबंधाऱ्याच्या कचेरीत तो ड्राफ्टमन होता आणि मी बाबू. नकाशे संगणकावर निघायला लागल्यापासून त्याच्या टेबलावर काम असं उरलं नव्हतं. घरी तो मॉडेलं करायचा. हातभर विमानं, जहाजं, रेल्वेची इंजिनं. सुटे भाग जोडायचे, सांधे घासायचे आणि वरून एअरब्रशनं रंग मारायचा. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी फवारणीची बंदूक. ती चालवायला हवा लागते, ती याच्याकडे जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधून यायची.

या कामात सगळ्यात मोठा वैरी म्हणजे धूळ. रंग ओला असताना एक कण जरी येऊन बसला, तरी तो तिथंच वाळतो आणि जन्मभर तसाच राहतो. खऱ्या बसवर तो दिसणारही नाही. हातभर विमानाच्या पंखावर तोच कण छपरावर पडलेल्या धोंड्यासारखा दिसतो. आणि आमच्याकडे धुळीला काय तोटा? जिनिंगचा कापूस उडतो, सोयाबीन निघालं की त्याचा भुसा उडतो, संत्र्याचे ट्रक दिवसभर रस्ता उडवत जातात. अशा गावात या माणसाच्या एकाही मॉडेलवर कण नव्हता. मी शोधला आहे. तो चहा सांगायला आत गेला की मी विमानं खिडकीपाशी नेऊन तिरपी करून बघायचो. कधीच सापडला नाही.

मी सौंसरचा. तिथं मला कलाकार म्हणत. गणपतीची आरास म्हणजे मीच, शाळेच्या भिंतीवरचं चित्र म्हणजे मीच, पुठ्ठ्याची आणि पत्र्याची मॉडेलं करणारा पंचक्रोशीत मी एकटाच. बदली पांढुर्ण्याला झाली, सौंसरहून रोज बसनं जाऊ-येऊ लागलो आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या घरी त्याचं लाल विमान पाहिलं. तोंडानं वा वा केलं आणि परतताना बसमध्ये माझं डोकं दुखायला लागलं. लोधीखेड्याचा एक मास्तर शेजारी बसला होता, तो काय बोलत होता ते एक अक्षर कानात शिरलं नाही.

त्याची रंगाची खोली म्हणजे न्हाणी. आधी भिंतींवर, जमिनीवर, छतावर पाणी मारायचं. मग मोठ्या गंजात पाणी उकळून आत ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं. वाफ खाली बसताना हवेतली धूळ घेऊन बसते. मग एक उदबत्ती लावून तिचा धूर सरळ वर जातो का ते पाहायचं. धूर हलला तर कुठंतरी फट आहे, तिथं ओलं फडकं कोंबायचं. हे सगळं झालं की हा नायलॉनचा रेनकोट घालून, तोही वरून ओला करून, आत शिरायचा. भर मे महिन्यात. सुती कापड त्याला वर्ज्य होतं. चहूकडे कपाशी पिकते आणि हा माणूस सुताला घाबरायचा. रंगाचा एक थर, त्याच्या भाषेत कोट, मारून झाला की धुतलेला प्लास्टिकचा टब मॉडेलवर पालथा घालायचा. तो उचलेपर्यंत घरात केर निघायचा नाही, पंखा चालायचा नाही, पीठ चाळायचं नाही, अंथरूण झटकायचं नाही. त्याची बायको हे सगळं सांभाळायची, वर मला सांगायची, "आज कोट आहे भाऊजी, हळू बोला." माझी बायको माझ्या कोटाच्या दिवशी नेमक्या गाद्या उन्हात टाकून काठीनं झोडायची.

बोलायलाही तो तसाच. मॉडेलवर कोणी फुंकर मारली की अंगावर पाल पडल्यासारखा करायचा. कचेरीत फाईल उघडण्याआधी ती ओल्या रुमालानं पुसायचा, मग ती फाईल भिजून माझ्याकडे यायची. आणि त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, जे तो नव्या माणसाला पहिल्या भेटीतच ऐकवायचा: "धूळ भायेरून नाही येत बावा. मानूस म्हंजे गादी आहे, हालला का निघते."

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, दोन्ही काठ एकमेकांवर दगड मारतात. दरवर्षी डोकी फुटतात, तरी सगळं गाव नदीवर असतं. दुकानं बंद, ट्रक गावाबाहेरच अडवलेले, पावसाळ्यानं जमीन ओली. आमच्या या ड्राफ्टमनला गोटमार एवढ्याचसाठी आवडायची, की वर्षात त्या दिवसाइतकी स्वच्छ हवा पांढुर्ण्यात नसते. तो आपला सगळ्यात महत्त्वाचा कोट त्या दिवसासाठी राखून ठेवायचा. एका वर्षी मीही त्या दिवशी त्याच्या घरी गेलो होतो. नदीवरून ढोल आणि आरडाओरडा ऐकू येत होता आणि हा न्हाणीच्या दाराआडून मला शांतपणे सांगत होता, "बाबू, आज पुऱ्या गावची धूळ नदीवर गेली." त्या दिवशीचं ते निळं जहाज मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. त्याच्या अंगावर खिडकीचे गज दिसत होते, एकूण एक. मी म्हटलं, छान झालंय. मनातून वाटत होतं की नदीवरचा एखादा दगड चुकून इकडे यावा.

त्याच्या डोक्याची गोष्ट त्याच गोटमारीच्या आदल्या दिवशीची. पाणी, वाफ, रेनकोट, सगळं करूनही त्या पावसाळ्यात त्याला रंगाच्या एका चाचणीत बारीकसा केस सापडला होता. त्याला वाटलं, धूळ आता फक्त आपल्या केसांत उरली. पोळ्याच्या दिवशी सकाळीच जाऊन तो डोकं आणि मिशी दोन्ही साफ करून आला. ऐन सणाला, बाजारातून, गुळगुळीत डोक्यानं. आपल्याकडे माणूस असा दिसला की त्याचा एकच अर्थ. याचे वडील तर कधीच गेलेले, म्हणजे गेली ती म्हातारी आई.

कोपऱ्यावरचा किराणावाला दुकान पोराच्या हवाली करून, टोपी घालून, चेहरा पाडून त्याच्या घरी आला. ओट्यावर ती म्हातारीच लसूण सोलत बसलेली. किराणावाला तिच्याकडे पाहतच राहिला. तिनं विचारलं, काय झालं बावा, कोन गेलं? त्यानं टोपी काढून हातात घेतली. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही." म्हातारीनं त्याला बसवलं, चहा पाजला आणि स्वतःच्या मरणाची सगळी हकिकत त्याच्याकडून ऐकून घेतली. मग हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी, ठसका, सुनेनं पाठ चोळली. नंतर कितीतरी दिवस ती दारावरून जाणाऱ्याला हाक मारून सांगायची की माह्या पोरानं मले जितीच पोचवून देल्ली.

मीही तेव्हा पोट धरून हसलो. पण घरी परतताना वाटलं, या माणसाला वेड्यासारखं वागायची केवढी मोकळीक आहे. आमच्या घरी असं कोणी हसलं नसतं.

आमच्या घरी बाबा होते. ते छोट्या लाईनवर गार्ड होते. सौंसर, रामाकोना, लोधीखेडा या भागातून ती छोटी गाडी झुकझुक करत जायची, बाबा शेवटच्या डब्यात हिरवी झेंडी घेऊन. पुढे छोटी लाईन उखडून मोठी टाकली. नवी गाडी सुरू झाली तरी बाबा कधी तिच्यात बसले नाहीत, नागपूरला जायचं तर बसनं जात. बाबांच्या मिशा भरघोस होत्या. ते सांगायचे, गार्डचा डबा शेडमधून नवा रंग लावून आला की त्याच्या अंगावर तोंड दिसायचं आणि ते ड्यूटीवर चढण्याआधी त्यात पाहून मिशीला पीळ द्यायचे. रंग चांगला कशाला म्हणायचं याची त्यांची परीक्षा एवढीच. माझ्या कोणत्याही आराशीला, कोणत्याही चित्राला त्यांनी "ठीक आहे" यापुढे काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

एकदा डोळे दाखवायला त्यांना पांढुर्ण्याला नेलं होतं. बस यायला वेळ होता म्हणून याच्या घरी बसलो. त्यानं काकाजी काकाजी करत बाबांच्या हातात ते लाल विमान दिलं. बाबांनी ते डोळ्यांजवळ नेलं, जरा तिरपं केलं आणि डाव्या हातानं मिशीला पीळ दिला. माझ्या समोर. दुसऱ्याच्या विमानात बघून. परतताना सावरगाव मागे पडल्यावर ते म्हणाले, "असा रंग पाह्यजे."

त्या दिवशी मी ठरवलं की बाबांचा डबा मी करायचा. त्यांचाच, छोट्या लाईनचा, शेवटचा, मागं त्यांची उभं राहायची जागा असलेला. आणि त्यांनी त्यात तोंड पाहून मिशीला पीळ द्यायचा. दुसरं काही मला नको होतं.

डबा उत्तम झाला. दारं, कड्या, दिवा, सगळं. तोपर्यंत बदली होऊन मी सौंसरला परत आलो होतो. मीही एअरब्रश आणला, न्हाणीत पाणी मारलं, वाफ केली, ओला रेनकोट घातला. गडद लाल रंग मारला, वाळला, तर छपरावर कण. घासून पुन्हा मारला, पुन्हा कण. बाबांनी बोट फिरवून विचारलं, रेती टाकली काय? मी तिसऱ्यांदा घासला. शेवटी नाक मुठीत धरून त्याला फोन केला.

तो पांढुर्ण्याहून आला. न्हाणी पाहिली, उदबत्ती लावली, धूर पाहिला, माझ्या रेनकोटाची बाही हुंगली. सगळं बरोबर आहे म्हणाला. मग माझ्या तोंडासमोर तोंड आणून बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं आता हा काय शोधून काढतो. तो म्हणाला, धूळ तुमच्या मिशीतून पडून राहिली. तुम्ही खाली वाकता, श्वास सोडता, अन ते डब्यावर. चहा न घेताच तो पुढच्या बसनं गेला.

मला राग आला. पण त्याच्या रंगावर कण नव्हता आणि माझ्या रंगावर होता, हे खरं होतं. रविवारी दुपारी बाबा झोपले असताना मी न्हाणीत शिरलो, आधी डोकं नीट भिजवून वर प्लास्टिकची टोपी चढवली आणि वस्तऱ्यानं मिशी काढून टाकली. मग पाणी, वाफ, रेनकोट. कोट मारला. असा सपाट, ओला, चकचकीत कोट माझ्या हातून कधी पडला नव्हता. एक कण नव्हता. मी वर टब पालथा घालणार तेवढ्यात दारावर थाप पडली. बाबांना हात-पाय धुवायचे होते. मला इतका आनंद झाला होता की मी टब विसरून दार उघडलं, त्यांनी ओल्यातच पाहावं म्हणून.

त्यांनी डबा पाहिलाच नाही. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. वरच्या ओठाकडे.

"मी आहो ना अजून?" ते म्हणाले.

एवढंच. आवाज चढला नाही. ते वळले, जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले. मी निथळत्या रेनकोटात त्यांच्या मागे उभा राहून सांगत होतो की धुळीसाठी काढली, रंगासाठी काढली, पांढुर्ण्याच्या भाऊंनीही काढली होती, त्यांची माय तर किती हसली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकदा स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला, जागेवर आहे का बघितल्यासारखा. न्हाणीचं दार उघडंच राहिलं होतं. स्टेशनच्या बाजूला त्या दिवशी रुळांखाली घालायची गिट्टी उतरत होती, तिची धूळ सरळ आत आली. मी परत गेलो तोवर डब्यावर बोटानं नाव लिहिता आलं असतं.

बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. माझी मिशी परत येईपर्यंत त्यांनी एकच केलं. बाजारात निघालो की ते माझ्या पुढं चालायचे, नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत, ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून नमस्कार करत. लोकांनी पाहावं की आपण आहोत. गुडघे दुखत असले तरी पुढंच. मी मागून पिशवी घेऊन. त्या सगळ्या वाटेवर मी पांढुर्ण्याच्या त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत असे. त्यानं डोकं काढलं तर आई हसली, मी मिशी काढली तर माझा बाप भिंतीकडे तोंड करून बसला. एकाच कामाची दोघांना दोन फळं. डबा मी कपाटावर टाकून दिला, घासलाही नाही. त्याचे फोन येत, मी उचलत नसे.

थंडी संपता संपता बाबा गेले. फार आजारी नव्हते. सकाळी चहा घेतला, मिशी पुसली, आडवे झाले.

दहाव्याला रामाकोन्याच्या पुढं नदीवर न्हाव्यानं माझं डोकं केलं, मग मिशी केली. नुकतीच कुठं भरून आली होती. तेरवीला तो आला, आईला घेऊन. म्हातारी बसच्या प्रवासानं दमली होती, तरी आधी माझ्याजवळ आली, माझ्या उघड्या डोक्यावरून हात फिरवत रडली, मग आत बायकांत जाऊन बसली. तो माझ्याजवळ बसला. माझे मामा, चुलते, सगळे बसलेले. मग त्यानं माझ्या डोक्याकडे पाहिलं, ओठाकडे पाहिलं, आणि म्हणाला:

"बाबू, आता मारून घ्या कोट."

मामांनी मान वर केली. आतून म्हातारीनं ते ऐकलं आणि तिथूनच म्हणाली, तुले जागा समजत नाही का रे? तो गोंधळला. त्याला खरंच कळलं नव्हतं आपलं काय चुकलं. हळूच मला म्हणाला, "काकाजीचा डब्बा तसाच राहून गेला न, म्हनून म्हनलं."

मी त्याला त्याच क्षणी घराबाहेर काढलं असतं. पण त्याला काकाजींचा डबा आठवत होता. भेटायला आलेल्या एवढ्या माणसांत तो कोणालाच आठवला नव्हता, मलासुद्धा.

पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मी डबा कपाटावरून काढून घासला, धुतला. न्हाणीत पाणी मारलं, गंजात वाफ केली, उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला. रेनकोट घातला नाही, उघड्या ओल्या अंगानं बसलो. माझ्या डोक्यावर केस नव्हता, ओठावर नव्हता, आणि दारावर थाप मारणारं कोणी नव्हतं. कोट मारला, टब पालथा घातला. बायकोनं त्या दिवशी गादी झटकली नाही, फोडणीही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी टब उचलला. डबा अंगणात नेला, उन्हात फिरवून फिरवून पाहिला, जसा मी त्याच्या विमानांवर शोधायचो तसा शोधला. कण नव्हता. एकही नव्हता. लाल रंगात माझं तोंड दिसत होतं, स्वच्छ. हात आपोआप वर गेला, पीळ द्यायला, आणि नुसत्या ओठावरून घसरून खाली आला.

मी त्याला फोन लावला. दुसरं कोणाला सांगणार? त्यानं पहिल्यांदा विचारलं, छपरावर? मी म्हटलं, नाही. कोपऱ्यात? नाही. एकही नाही? एकही नाही. तो खूश होऊन सांगायला लागला की आता वरून वार्निशचा एक पातळ हात मारायचा, पण आठ दिवस थांबून, आणि तोवर टब पुन्हा पालथा घालून ठेवायचा. त्याच्या मागून म्हातारीचा आवाज येत होता. कोनाचा फोन आहे रे? बाबूचा आहे का? त्याले म्हना जेवन करत जा वेळेवर. ती पुन्हा पुन्हा विचारत होती आणि हा वार्निशचं सांगत होता. शेवटी तो वैतागला आणि तिच्यावर खेकसला:

"थांब ना वं माय, कामाचं बोलून राहिलो."

मी फोन कानाला लावून अंगणात उभा होतो. दुसऱ्या हातात डबा होता. इतकी वर्षं मी त्या माणसावर जळलो, पण त्या क्षणाइतका कधीच जळलो नव्हतो.